मॅट्रिक न झालेला माणूस आणि हजारो मुलांचं हायस्कूल : कर्मवीर भाऊराव पाटील



दरवर्षी 22 सप्टेंबरला आपण कर्मवीर जयंती साजरी करतो. प्रतिमेला हार, दोन-तीन मुलांची पाठ केलेली भाषणं, फळ्यावर काढलेलं वडाचं झाड, आणि कार्यक्रम संपतो. भाषणात तीच पाच-सहा वाक्यं दरवर्षी येतात. मुलांना ती पाठ असतात, आपल्यालाही असतात. यंदा मात्र हे चरित्र एक प्रश्न मनात ठेवून वाचावं, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. हायस्कूलच्या वयाचं मूल शाळेत टिकायला वर्गाबाहेर काय काय लागतं?

हा प्रश्न का, ते तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये नववीची पहिली हजेरी घेताना एखादं नाव पुकारलं जातं आणि उत्तर येत नाही. दोन दिवसांनी कळतं की तो मामाच्या गॅरेजमध्ये जायला लागलाय, किंवा तिचं जमवायचं चाललंय. आपण हजेरीपटावर रेघ ओढतो. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क वयाच्या 6 ते 14 वर्षांपर्यंत आहे, शालेय पोषण आहारही आठवीपर्यंतच मिळतो. म्हणजे नववीचा उंबरठा ओलांडताना कायद्याचा हात सुटतो आणि दुपारचं जेवणही सुटतं. नेमकं याच वयात मूल घरच्यांना कमावतं वाटायला लागतं.

शंभर वर्षांपूर्वी भाऊराव पाटील यांनी हेच पाहिलं होतं. आणि ते स्वतः हायस्कूलमध्ये टिकू शकले नव्हते.

जन्म आणि बालपण

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज या गावी झाला. हे त्यांचं आजोळ, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं. घराणं शेतकरी जैन, गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्या होत, त्यामुळे मुलाची शाळाही बदलत राहिली.

लहानपणापासून अंगात रग होती. कुस्ती, पोहणं, रानात भटकणं हे आवडीचं, पुस्तक मागे पडलेलं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून चिडून या पोराने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या बालपणाबद्दल सांगितली जाते. रहाट मोडून पाणी कोणालाच मिळत नाही, हे पोराला कळायचं वय नव्हतं. मोडण्यापेक्षा बांधणं अवघड असतं हे त्यांना पुढे कळलं, आणि उरलेलं आयुष्य बांधण्यातच गेलं.

हायस्कूलमधले भाऊराव

त्या काळची शाळा कशी होती ते आधी पाहू, म्हणजे पुढचं नीट समजेल. खेड्यात शाळा असलीच तर मराठी इयत्तांची. इंग्रजी शिक्षण, म्हणजे आजच्या भाषेत हायस्कूल, मोठ्या गावात किंवा संस्थानाच्या राजधानीत. शेतकऱ्याच्या मुलाला पुढे शिकायचं तर घर सोडावं लागे. मग राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? फीचा प्रश्न त्यानंतरचा.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी या प्रश्नाला हात घातला होता. 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी तिथे वसतिगृहं उभी राहू लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळेच. भाऊरावांना वडिलांनी कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातलं आणि राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये झाली.

बोर्डिंगचे नियम कडक होते आणि भाऊरावांचं नियमांशी फारसं जमत नव्हतं. 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर शिवाशिवीच्या रीतीप्रमाणे आंघोळ करून मगच आत यायचं, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही, आणि बोर्डिंग सुटलं. काही काळ त्यांना शाहू महाराजांच्या वाड्यात आसरा मिळाला.

अभ्यासाची गाडी मात्र रुळावर आली नाही. वरच्या वर्गात घालावं म्हणून खुद्द महाराजांनी शब्द टाकला, तर शिक्षकांनी उत्तर पाठवलं की भाऊराव बसतो तो बाक वरच्या वर्गात पाठवता येईल, भाऊरावाला नाही, असा एक किस्सा प्रसिद्ध आहे. किस्सा ऐकून आपण हसतो. पण वर्गशिक्षक म्हणून तुम्ही त्याकडे पाहा. मुलगा हुशार होता, धाडसी होता, अन्याय दिसला की गप्प बसत नव्हता, आणि शाळेच्या दप्तरात त्याच्या नावापुढे नापास एवढाच शेरा होता. मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

या काळातली आणखी एक आठवण सांगितली जाते. शाळेबाहेर बसवलेला एक महार मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी घरी आणलं, जेवू घातलं आणि कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये दाखल केलं. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. पुढे ते मुंबई कायदे मंडळाचे सभासद झाले. वर्गात बसू देण्याचा हुकूम काढणं भाऊरावांच्या हातात नव्हतं. राहायची जागा शोधून देणं हातात होतं, ते त्यांनी केलं.

पाटील मास्तर, मग कंदील आणि नांगर

शिक्षण सुटलं, लग्न झालं. पत्नी लक्ष्मीबाई, माहेर कुंभोजचंच, खात्यापित्या पाटील घराण्यातलं. कामधंदा काही नव्हता. साताऱ्यात भाऊराव मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. जो स्वतः परीक्षेत अडखळला त्याच्याकडे लोक मुलं पाठवत होते, ही गंमत लक्षात ठेवा. मूल कुठे अडतं हे कधी कधी अडलेल्या माणसाला जास्त कळतं. याच सुमारास, 1910 च्या आसपास, मित्रांबरोबर त्यांनी दुधगाव इथे शिक्षण मंडळ काढलं आणि सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह चालवून पाहिलं.

मग 1914 चं डांबर प्रकरण आलं. कोल्हापुरात राजा सातवा एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासलं. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आणला गेला. ज्या जैन बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावं लागलं होतं, त्याच बोर्डिंगच्या कारभारातले हे लठ्ठे. जुना हिशेब चुकता करायची संधी चालून आली होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्याची किंमत म्हणून तुरुंगवास आणि छळ सोसला.

सुटल्यावर ते फिरते विक्रेते झाले. आधी ओगल्यांच्या काच कारखान्याचे कंदील, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. गावोगाव जायचं, पारावर बसायचं, माल दाखवायचा, शेतकऱ्यांशी बोलायचं. विक्री चांगली होत होती. पण या फिरतीत त्यांना घरं आतून दिसली. सावकाराचा कागद वाचता न येणारा बाप दिसला, गुरांमागे जाणारी शाळेच्या वयाची पोरं दिसली. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर कारखान्याच्या उद्योगातही ते होते. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी धंद्याकडे पाठच फिरवली.

काले गावात लावलेलं रोप

भाऊरावांच्या मनावर महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा पगडा होता. कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली असताना त्यांनी बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढायची कल्पना मांडली, आणि 4 ऑक्टोबर 1919 रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. बोधचिन्ह घेतलं वडाचं, कारण वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचंच नवं खोड होतं. ब्रीद ठेवलं स्वावलंबनाचं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. संस्थेचं पहिलं काम वसतिगृहाचं होतं, शाळेची इमारत त्यात नव्हती. शाळा कुठे ना कुठे होत्या, पण मुलं तिथवर पोहोचत नव्हती आणि पोहोचली तरी टिकत नव्हती. अडचण जिथे होती तिथे भाऊरावांनी हात घातला. आज आपण विद्यार्थी साहाय्य, विशेष उपक्रम असे शब्द वापरतो. त्या वेळी असा शब्द नव्हता. मुलाला टेकायला जागा, दोन वेळची भाकरी आणि लक्ष ठेवणारं वडीलधारं माणूस एवढं मिळालं तर उरलेलं मूल स्वतः करतं, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

साताऱ्याचं बोर्डिंग

1924 मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्याला आला आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा घरांतली मुलं एका छपराखाली राहू लागली. स्वयंपाक, पाणी भरणं, झाडलोट ही कामं मुलंच पाळीपाळीने करत. म्हणजे आज ज्याच्या हातची भाकरी सगळे खात होते, तो गावाकडे विहिरीपाशीही जाऊ शकत नव्हता. समतेवर वेगळं भाषण द्यायची गरज उरत नव्हती. 1927 मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरणाऱ्या गांधीजींना इथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवताना दिसली.

सातारच्या छत्रपतींकडून मिळालेल्या धनिणीच्या बागेत मुलं राबत. भाजी पिकव, माती वाहा, दगड फोड. मुलं भाऊरावांना अण्णा म्हणत. अण्णा कामाला हात लावत, रागावत, वेळ पडली तर मारतही. आजच्या नजरेने ती शिस्त तशीच्या तशी घेता येणार नाही, हे आपण मोकळेपणाने म्हणावं. पण मूल आजारी पडलं, घरून वाईट निरोप आला, परीक्षेची फी भरायची राहिली, तर जायचं कोणाकडे, हा प्रश्न त्या मुलांपुढे नव्हता.

1932 मध्ये गांधीजी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यात पुणे करार झाला. त्याच वर्षी त्याची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू करण्यात आलं. नावातच ऐक्य होतं.

वहिनींचे दागिने

बोर्डिंगचा खर्च कशातून चालत होता? देणग्या मागून, गावोगाव धान्य गोळा करून, आणि बरेचदा लक्ष्मीबाईंच्या अंगावरच्या सोन्यातून.

मुलं लक्ष्मीबाईंना वहिनी म्हणत. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या. सगळ्या जातींची पोरं आपल्या चुलीपाशी येऊन बसणार, हे पहिल्या दिवशी त्यांना सोपं गेलं नसणार. पण त्या मुलांच्या त्या आई झाल्या. एकेक दागिना मोडत गेला. एकदा भाऊराव गावाला गेलेले, कोठीत धान्य नाही, पोरं उपाशी बसलेली. तेव्हा वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं म्हणजे त्या काळी काय, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. 1930 मध्ये त्यांचं निधन झालं. साताऱ्याच्या बोर्डिंगची वाढ त्यांनी पाहिली, पुढचं हायस्कूल आणि कॉलेज काही पाहायला मिळालं नाही.

आपल्या भाषणांत ही गोष्ट त्यागाची म्हणून येते आणि टाळ्या पडतात. मला तिच्यात आणखी एक बाजू दिसते. मुलांना टिकवून धरणाऱ्या कामाचा भार पुष्कळदा असा एकाच माणसावर पडतो, आणि त्याचं नाव इमारतीवर सगळ्यात शेवटी लागतं. तुमच्या शाळेतही कोणीतरी असेल. डब्यातली अर्धी पोळी रोज कोणाला तरी देणारी बाई, फीचे पैसे गुपचूप भरणारे सर, मुलींची अडचण ओळखून त्यांना बाजूला घेणारी शिपाई मावशी. जयंतीच्या दिवशी त्यांचीही आठवण काढा.

कमवा आणि शिका म्हणजे नेमकं काय?

1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आदल्याच वर्षी वारले होते, त्यांचं नाव शाळेला दिलं. हे मोफत आणि निवासी हायस्कूल होतं, आणि कमवा आणि शिका या तत्त्वावर चालणारं. फी भरायला पैसे नाहीत? मग शेतात, बागेत, बांधकामावर काम कर आणि शिक. फुकट घेतलं ही बोच मुलाच्या मनात राहत नव्हती आणि बापाला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. संस्थेच्या कित्येक इमारतींच्या पायात मुलांच्या हातचे दगड आहेत.

ही योजना कागदावर सोपी दिसते, पण ती चालायला तीन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. काम अभ्यासाला गिळणार नाही इतकंच द्यावं लागलं. ते सगळ्यांनाच करावं लागलं, नाहीतर कुदळ धरणारी गरीब मुलं आणि वही धरणारी श्रीमंत मुलं असे दोन गट पडले असते. आणि मोठी माणसंही त्यात उतरावी लागली. नुसतं पोरांना राबवून घेतलं असतं तर त्याला शिक्षण कोणी म्हटलं नसतं.

आज परिस्थिती वेगळी आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. नववी-दहावीच्या मुलाने कमावून शिकावं असा या लेखाचा अर्थ कृपया काढू नका. पण योजनेच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती आजही लागू पडते. मदत घेताना मुलाची मान खाली जाता कामा नये. गरजू विद्यार्थ्यांनी उभं राहावं, असं म्हणून भर वर्गात वह्या वाटल्या की त्या वह्यांपेक्षा ते उभं राहणंच मुलाच्या लक्षात राहतं.

शिक्षक आणायचे कुठून?

खेड्यात जाऊन राहणारा शिक्षक मिळत नव्हता. म्हणून 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. खेड्यातून आलेला मुलगा शिकून शिक्षक व्हायचा आणि दुसऱ्या खेड्यात जायचा. डोंगरकपारीतल्या छोट्या वस्त्यांवर संस्थेने व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्यांची संख्या 578 पर्यंत गेली. प्राथमिक शाळेतून मूल वर आलं की वसतिगृह, वसतिगृहातून हायस्कूल, पुढे कॉलेज किंवा ट्रेनिंग कॉलेज, आणि तिथून परत शाळेत शिक्षक म्हणून. वडाच्या पारंबीचं चिन्ह असं प्रत्यक्षात आलं.

1947 मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. 1954 मध्ये कराडला कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. शाळेत न गेलेल्या, हातात झाडू घेऊन कीर्तन करणाऱ्या संताचं नाव कॉलेजला, आणि ते देणारा माणूस मॅट्रिक न झालेला! शाहू बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, परत येऊन त्यांनी संस्थेचं काम केलं आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अनुदान बंद झालं तेव्हा

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुलं काढायचा संकल्प भाऊरावांनी केला. याच सुमारास सरकारवर त्यांनी केलेल्या सडेतोड टीकेमुळे संस्थेचं सरकारी अनुदान बंद करण्यात आलं. विचार करा, शेकडो शाळा, हजारो मुलं, आणि पगाराला पैसे नाहीत. तेव्हा संस्था तगली ती लोकांच्या जोरावर. शेतकऱ्यांनी धान्य दिलं, गावांनी जागा दिल्या, शिक्षकांनी ओढाताण सोसली. पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं, आणि हायस्कुलांचा आकडा शंभराच्या पुढे गेला.

यात शिकण्यासारखं काय? अण्णांनी गावाला शाळेत आधीपासून गुंतवून ठेवलं होतं. ज्याने आपल्या कणगीतलं पायलीभर धान्य शाळेला दिलं, तो ती शाळा बंद पडू देत नाही. आपण मात्र पालकांना बोलावतो ते मार्कांचा कागद दाखवायला, नाहीतर तक्रार सांगायला.

शेवटचं वर्ष

1959 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. पदवी दिली. शाळेने ज्याला वरच्या वर्गात घातलं नव्हतं, त्याला विद्यापीठाने आपली मोठी पदवी दिली. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. मागे उरली ती 38 वसतिगृहं, शंभरावर हायस्कुलं, 3 महाविद्यालयं, ट्रेनिंग कॉलेजं आणि शेकडो प्राथमिक शाळा. इस्टेट म्हणावी असं स्वतःसाठी काही ठेवलं नव्हतं.

आपल्या शाळेत काय करता येईल?

आपण कोणी 38 वसतिगृहं काढणार नाही. पण पुढच्या गोष्टी एका शाळेला, एका वर्गशिक्षकालाही जमण्यासारख्या आहेत.

1. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आठवी पास झालेल्यांची यादी आणि नववीची हजेरी शेजारी ठेवा. जी नावं गळली असतील त्यांच्या घरी जा. फोन नको, प्रत्यक्ष जा. भाऊरावांना मुलं सापडली ती गावोगाव फिरल्यामुळे.

2. आठवीत असतानाच एन.एम.एम.एस. परीक्षेची तयारी करून घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठी असलेली ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी मिळते, वर्षाला 12,000 रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्यामुळे मूल हुकता कामा नये, त्यामुळे कागदपत्रांचं काम आधीपासून सुरू करा.

3. खेड्यातून येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे का, ते विचारून घ्या. मुलीची शाळा पुष्कळदा अंतरामुळे सुटते.

4. घरात अभ्यासाला जागा नसलेली मुलं ओळखा. संध्याकाळी दोन तास शाळेची एक खोली, दिवा आणि एक मोठं माणूस, एवढ्यात अभ्यासिका होते. गावातला निवृत्त शिक्षक, कॉलेजात शिकणारी ताई यात येऊ शकतात.

5. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर गायब होतात. ती आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकतील का, हे दसऱ्याच्या आधी बोला. गाडी भरल्यावर बोलून उपयोग नाही.

6. प्रत्येक मुलाला शाळेत निदान एक असं माणूस हवं, ज्याला तो अभ्यासाव्यतिरिक्त काहीही सांगू शकेल. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक नावापुढे असं एक नाव लिहिता येतं का, बघा. जिथे जागा रिकामी राहील तिथून काम सुरू करा.

पालकांसाठी एकच सांगणं. तुमचं मूल नीट शिकत असेल तर छानच. पण त्याच्या बाकावर बसणारं दुसरं मूल यंदा का आलं नाही, हे त्याला विचारा, आणि उत्तर मिळालं तर आम्हाला कळवा. शिक्षकाला जे महिन्याभराने समजतं ते मुलांना दुसऱ्या दिवशी माहीत असतं.

येत्या 22 सप्टेंबरला भाषणं जरूर होऊ द्या, वडाचं चित्रही काढू द्या. मात्र त्याआधी जूनची ती यादी एकदा हातात घ्या. तिच्यातलं एखादं मूल तोपर्यंत वर्गात परत आलेलं असेल, तर त्यालाच त्या दिवशी प्रतिमेला हार घालायला बोलवा. कशासाठी बोलावलं हे कोणाला सांगायची गरज नाही.